गणंग

ज्वारीच्या लाह्या फोडून झाल्या आणि चाळून घेतल्या, की चाळणीखाली न फुटलेले दाणे उरतात. त्यांना मराठीत गणंग म्हणतात. हाच शब्द पुढे कशाच्याच उपयोगी न पडणाऱ्या माणसांनाही लावला गेला, आणि त्यामुळे मूळ गणंगाकडे, म्हणजे त्या करपट, गप्प राहिलेल्या दाण्याकडे, निरखून पाहावे असे कोणाला वाटेनासे झाले. मी मात्र गेली काही वर्षे लाह्यांइतकेच, किंबहुना लाह्यांहून अधिक लक्ष गणंगांकडे देत आले आहे. लाही फुटली की दाण्याच्या रचनेचा सगळा पुरावा उधळला जातो. साल फाटते, आतला गर बाहेर पडून फेसासारखा फुलतो, आणि तो दाणा मुळात कसा होता हे सांगता येत नाही. गणंगात सगळे जागच्या जागी असते. काय बिघडले हे शोधायचे असेल, तर तोच उघडून पाहावा लागतो.

हे वेड लागले तेव्हा माझ्यासमोर दोन वाणांची ज्वारी होती. एकीचे दाणे टपोरे, पांढरेशुभ्र, ओंजळीत घेऊन पाहत राहावेत असे. दुसरीचे बारीक, किंचित पिवळसर आणि इतके टणक की दाताखाली धरले तर दातच दुखावा. दोन्ही ज्वाऱ्या मी एकाच कढईत, एकाच आचेवर, एकामागून एक फोडल्या. टपोऱ्या ज्वारीतले निम्म्याहून अधिक दाणे गणंग निघाले, आणि ज्या लाह्या फुटल्या त्याही अर्धवट उकललेल्या होत्या. बारीक ज्वारीने मात्र पाहता पाहता कढई भरून टाकली. तोवर माझा समज असा होता की लाही फुटणे हे आचेचे आणि हाताच्या सवयीचे काम आहे. इथे हात तोच होता आणि आचही तीच होती. फरक दाण्यात होता, आणि तो दाण्यात नेमका कुठे आहे, या प्रश्नाने मला तेव्हापासून सोडलेले नाही.

लाही फुटण्यामागची मूळ घटना थोडक्यात सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. हाताला ठणठणीत कोरडा लागणाऱ्या दाण्यातही वजनाच्या दहा-बारा टक्के पाणी असते. ज्वारीच्या हजार दाण्यांचे वजन साधारणपणे २० ते ४० ग्रॅम भरते. एक दाणा ३० मिलिग्रॅमचा आणि त्यातली ओल १२ टक्के धरली, तर एका दाण्यात सुमारे साडेतीन मिलिग्रॅम पाणी झाले. हे पुरते थेंबभरही नाही. दाणा तापू लागला की या पाण्याला वाफ होऊन बाहेर पडायचे असते, पण साल त्याला वाट देत नाही, म्हणून पाणी १०० अंश सेल्सिअस ओलांडूनही आतच कोंडून राहते. तेवढ्यात गरातला स्टार्च त्या तापलेल्या पाण्यात मऊ होऊन लगद्यासारखा होत जातो. मक्याच्या लाहीचा यापेक्षा बारकाईने अभ्यास झाला आहे, आणि त्यात साल फुटण्याचे तापमान १८० अंशांच्या आसपास आढळले आहे. त्या तापमानाला बंदिस्त वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे दहापट असतो. साल फाटते, दाब एका क्षणात कोसळतो, कोंडलेले पाणी एकदम वाफ होऊन पसरते आणि मऊ झालेल्या स्टार्चला आतून फुगवते. पसरतानाच वाफ थंड होते आणि फुगलेला स्टार्च त्याच आकारात घट्ट होतो. ज्वारीच्या दाण्यातही याच क्रमाने घडते. म्हणजे दाण्याला दोन गोष्टी साधायच्या असतात: सालीने अखेरपर्यंत दम धरायचा आणि गराने त्या एका क्षणी एकजीव होऊन फुलायचे. बाकीचे सगळे गुण या दोन कामांना मदत करतात किंवा त्यांत मोडता घालतात.

सालीपासून सुरुवात करावी, कारण माझ्या गणंगांतले बहुतेक तिथेच हरलेले होते. आपण जिला साल म्हणतो ती एकच एक पातळ पापुद्रा नसते. सर्वांत बाहेर मेणाचा हात फिरवलेले बाह्य कवच, त्याखाली मधला थर, त्याखाली आडव्या आणि नळीसारख्या पेशींचा आतला थर, अशी तिची मांडणी असते. काही वाणांत त्याही आत रंगीत बीजावरण असते, ज्यात टॅनिन साठते आणि दाण्याला तुरटपणा येतो. यातला मधला थर ज्वारीला इतर धान्यांपासून वेगळे पाडतो. त्यात स्टार्चचे बारीक कण असू शकतात. धान्याच्या सालीत स्टार्च असणे ही तृणधान्यांमध्ये अगदी विरळा गोष्ट आहे. हा थर भरलेला असेल तर साल जाड होते आणि दाणा खडूसारखा मठ्ठ पांढरा दिसतो. थर जवळजवळ नसेल तर साल पातळ राहते आणि आतल्या गराची झाक बाहेर येऊन दाणा मोत्यासारखा दिसतो. पातळ साल हा वरचढ आनुवंशिक गुण आहे आणि जाड साल दबून राहणारा.

मला आरंभी वाटले होते की जाड साल म्हणजे बळकट साल, आणि बळकट साल म्हणजे चांगली लाही. तर्क सरळ होता, पण चुकीचा होता. जाड सालीची जाडी ज्या थरातून येते, तोच थर सर्वांत कमकुवत असतो, कारण तो स्टार्चच्या सुट्या कणांनी भरलेला असतो. उखळात कांडताना जाड सालीच्या ज्वारीचा कोंडा झटपट सुटतो तो याच कारणाने. साल नेमकी त्या मधल्या थरातून उलते. कांडण्यासाठी जो गुण आहे, तोच वाफ धरून ठेवण्याच्या कामी दोष ठरतो. उलट अगदीच पातळ साल दाबाला लवकर शरण जाते, आणि गर अजून पुरता मऊ झालेला नसताना फाटली तर दाणा नुसता चिरतो, फुलत नाही. अशा दाण्याच्या पाठीवर बारीक पांढरी भेग दिसते आणि तिच्यातून आतला गर किंचित डोकावत असतो. मधल्या जाडीची साल सर्वांत चांगली ठरते, ही गोष्ट मी प्रथम वाचली तेव्हा ती मला कोणाचाही पक्ष न दुखावणाऱ्या उत्तरासारखी वाटली होती. भिंगाखाली दोन्ही टोकांचे गणंग पाहिल्यावर मात्र ती पटली.

आकाराचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा निघाला, आणि मला तो सर्वांत अधिक आवडतो. लाह्यांसाठी चांगल्या ठरलेल्या ज्वाऱ्यांचे दाणे बहुधा लहान असतात. हे प्रथमदर्शनी उलटे वाटते. लहान दाण्यात पाणी कमी, गर कमी, आणि शिवाय आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त; त्रिज्या निम्मी केली तर दर एकक गरामागे उघडी पडणारी साल दुप्पट होते, म्हणजे ओल निसटायला वाटही दुप्पट. या हिशेबाने लहान दाण्याने आधीच वाळून गणंग व्हायला हवे. पण हिशेबाची दुसरी बाजू दाबाची आहे. पोकळ गोळ्याच्या पातळ भिंतीवर आतल्या दाबामुळे जो ताण येतो, तो दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराला भिंतीच्या दुप्पट जाडीने भागले की मिळतो. म्हणजे सालीची जाडी तेवढीच असेल आणि दाणा निम्म्या त्रिज्येचा असेल, तर त्याच दाबाला त्याच्या सालीवर निम्माच ताण येतो. किंवा दुसऱ्या शब्दांत, लहान दाणा फाटण्याआधी दुप्पट दाब पेलू शकतो. टपोऱ्या दाण्याची साल त्याच्या आकाराच्या मानाने वाढलेली नसते. ती ताणून बसवलेल्या कापडासारखी असते, आणि तिला लवकर भेग पडते.

ओल लवकर निसटते हा लहान दाण्याचा तोटा मात्र खराच आहे, आणि त्यावरचा उपाय दाण्यात नाही, आचेत आहे. लहान दाणा मंद आचेवर ठेवला तर त्याचे पाणी फुटण्याआधीच सालीतून झिरपून जाते. त्याला उष्णता एकदम आणि सर्व बाजूंनी मिळायला हवी. तापलेल्या वाळूत किंवा मिठात धान्य फोडण्याची जी जुनी पद्धत आहे, ती हेच साधते. कढईचा तळ दाण्याला एकाच बिंदूवर स्पर्श करतो, तर वाळू त्याला चहूबाजूंनी वेढते. मी वाळूकडे वळले त्या दिवशी बारीक ज्वारीतले गणंग एकदम घटले. टपोऱ्या ज्वारीत मात्र फारसा फरक पडला नाही, आणि मला तेच अधिक बोलके वाटले, कारण तिचा दोष उष्णता उशिरा पोहोचण्यात नव्हताच.

आकारमानाबरोबर घडणही येते. गोल दाण्यावर ताण सगळीकडे सारखा वाटला जातो. चपट्या किंवा कोन असलेल्या दाण्यावर तो एखाद्या जागी गोळा होतो आणि साल तिथून आधी जाते. ज्वारीच्या लागवडीखालील प्रकारांचे १९७२ साली हार्लन आणि डी वेट या दोघा शास्त्रज्ञांनी बायकलर, गिनी, कॉडेटम, काफिर आणि डुरा अशा पाच मुख्य वंशांत वर्गीकरण केले, ते दाणा आणि त्याला धरून बसलेली तुसे यांच्याच घडणीवरून. कॉडेटमचा दाणा कासवासारखा, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर. डुराचा वरच्या भागात रुंद आणि बुडाशी पाचरीसारखा निमुळता. काफिरचा बराचसा गोल. नुसत्या गोलाईवर निकाल लागत असता तर काफिर सर्वांच्या पुढे असायला हवा होता. पण लाह्यांसाठी निवडून निघालेल्या ज्वाऱ्या प्रामुख्याने गिनी आणि बायकलर वंशांतल्या आहेत, आणि गिनीचा दाणा तर भिंगासारखा दोन्ही बाजूंनी फुगीर व कडेला पातळ असतो. घडणीतला हा उणेपणा तो दुसऱ्या कशाने तरी भरून काढत असला पाहिजे. ते दुसरे काय, हे पाहण्यासाठी दाणा कापावा लागतो.

दाणा कापण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. धारदार पाते घेऊन, दाणा लाकडाच्या फळीवर मेणाच्या ठिपक्यात बसवून, अंकुराच्या बाजूने उभा छेद घ्यावा लागतो. टपोऱ्या पांढऱ्या ज्वारीत पाते सहज उतरले आणि कापलेल्या जागेवरून बोट फिरवले तर बोटाला पीठ लागले. बारीक ज्वारीचा दाणा दोनदा उडून गेला. तिसऱ्यांदा पाते उतरले ते कट असा आवाज करत, आणि छेद काचेच्या कपच्यासारखा गुळगुळीत निघाला. भिंगाखाली दोहोंतला फरक एखाद्या अजाण माणसालाही कळावा इतका स्पष्ट होता. ज्वारीच्या गराचे दोन भाग असतात: बाहेरच्या अंगाला शिंगासारखा, अर्धपारदर्शक, कठीण भाग आणि मध्यभागी पांढरा, पिठूळ, मऊ भाग. टपोऱ्या दाण्यात पिठूळ भागाने जवळजवळ सगळी जागा व्यापली होती आणि कठीण भाग कडेला केवळ एका रेषेसारखा उरला होता. बारीक दाण्यात उलट होते. मध्यभागी पांढरा ठिपका तेवढा होता, आणि भोवती मधासारखी झाक असलेला एकसंध काचेरी गर. पारखणारे लोक असे छेद पाहून, कठीण भाग किती आहे त्यावरून, एक ते पाच असा अंक देतात, आणि सराव झाला की तो अंक डोळ्यांनीच देता येतो.

या दोन भागांत स्टार्च एकच असतो, पण त्याची मांडणी वेगळी असते. काचेरी भागात स्टार्चचे कण एकमेकांना दाबून बसलेले, दाबाने बहुकोनी झालेले, आणि मधल्या सगळ्या फटी प्रथिनांनी भरलेल्या असतात. हवेला जागाच नसते, म्हणून प्रकाश आरपार जातो. पिठूळ भागात कण गोल, सैल आणि हवेच्या पोकळ्यांमध्ये सुटे बसलेले असतात; प्रकाश त्या पोकळ्यांवर विखुरतो आणि भाग पांढरा दिसतो. दाण्याचा शुभ्रपणा म्हणजे अनेकदा आतली हवाच असते, हे कळल्यावर टपोऱ्या पांढऱ्या दाण्याकडे पाहण्याची माझी दृष्टी कायमची बदलली. लाही फुटताना या पोकळ्या घातक ठरतात. दाब कोसळतो तेव्हा वाफेला एकजीव, चिवट झालेल्या लगद्यातून बुडबुडे फुगवावे लागतात. सैल कणांमधून ती नुसतीच निघून जाते, जशी वाळूच्या ढिगातून हवा निघून जाते.

हे खरे आहे की नाही, हे लाहीच सांगते. चांगली फुटलेली एक लाही मी बोटाने न दाबता, त्याच पात्याने अलगद कापली आणि भिंगाखाली धरली. कडेपासून आत जाताना आधी बुडबुड्यांची जाळी दिसते, साबणाच्या फेसासारखी, फक्त गोठलेली. प्रत्येक बुडबुड्याची भिंत इतकी पातळ की उजेडात ती चमकते. पण मध्याजवळ गेले की एक लहानसा, मंद पांढरा, न फुललेला गाभा लागतो. त्याला सुईचे टोक लावले तर त्यातून भुकटी झडते. पिठूळ भाग असा, आजूबाजूला एवढा स्फोट होऊनही, बहुतांशी आपल्या मूळ कणांच्याच रूपात राहिलेला असतो. फुलतो तो काचेरी गर. म्हणून ज्या दाण्यात काचेरी भाग जास्त, त्याची लाही मोठी. आणि गिनीचा दाणा भिंगासारखा असूनही फुटतो, कारण त्याच्या आत सहसा असा कठीण गर भरपूर असतो.

अंकुराबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, पण त्याला गाळूनही चालणार नाही. दाण्याच्या वजनात साधारण दहावा हिस्सा अंकुराचा असतो आणि दाण्यातले बहुतेक तेल त्यातच असते. तो फुगत नाही. लाहीच्या बुडाशी तपकिरी ठिपका होऊन राहतो. अंकुर जितका मोठा तितका फुलणाऱ्या गराचा वाटा कमी, एवढा साधा हिशेब त्यात आहे, आणि गराच्या मानाने अंकुर अगदी लहान असलेले दाणे लाह्यांना चांगले ठरतात ते त्यामुळेच. माझ्या निरीक्षणात एक गोष्ट आणखी आली: चिरलेल्या गणंगांतल्या बऱ्याच दाण्यांची भेग अंकुराच्या कडेने गेलेली होती. अंकुर आणि गर यांच्या सांध्यावर साल दोन वेगळ्या गोष्टींवर टेकलेली असते, आणि दोन्ही सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. हे माझे अनुमान आहे, प्रयोगशाळेतला निष्कर्ष नव्हे. पण इतक्या दाण्यांत तीच कड पाहिल्यावर ते मनातून जात नाही.

आता भेगांचा विषय निघालाच आहे, तर माझ्या हातून झालेले एक नुकसान सांगते. एका वर्षी उत्तम टणक, बारीक ज्वारी मिळाली होती. ती नीट राहावी म्हणून मी तिला भर दुपारच्या उन्हात पातळ पसरून दोन दिवस कडकडीत वाळवली. लाह्या फोडायला घेतल्या तेव्हा आदल्या वर्षी सहज फुटणारा तोच वाण निम्मा गणंग होऊन बसला. पाणी कमी झाले असेल असे समजून मी ओल दिली. म्हणजे दाण्यावर मोजून पाणी शिंपडले, झाकण लावून रात्रभर मुरू दिले. ज्वारीला लाहीसाठी साधारण १२ ते १६ टक्क्यांच्या दरम्यान ओल मानवते; त्याखाली दाब तयार होत नाही आणि त्यावर गेले की साल भिजून मऊ पडते व लाही चिवट, आखूड होते. ओल दिल्यावर काही दाणे सुधारले, पण बरेच सुधारले नाहीत. ते उजेडासमोर धरून पाहिले तेव्हा काचेरी गरात केसासारख्या आडव्या चिरा दिसल्या. बाहेरचा थर झपाट्याने आकसला होता, आतला अजून ओला आणि फुगलेला होता, आणि त्या ओढाताणीत दाणा आतून तडकला होता. जितका काचेरी, तितका असा तडा जाण्याचा धोका अधिक, कारण काच वाकत नाही. ज्या गुणासाठी हा दाणा निवडायचा, त्याच गुणामुळे त्याला जपून वाळवावे लागते. ती ज्वारी मी सावलीत वाळवली असती तर वाया गेली नसती, ही खंत मला आजही आहे.

मळणीतले फटके, यंत्रातून जोरात आदळणे, सोंड्या किड्याने पाडलेले भोक, कणीस पक्व होताना पाऊस लागून सालीवर आलेली काळी बुरशी, या सगळ्यांचा परिणाम शेवटी एकच असतो: वाफेला फट मिळते. पोचट दाण्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. ज्वारीचा दाणा पुरता भरला की त्याच्या बुडाशी एक काळा थर तयार होतो आणि कणसाकडून येणारा पुरवठा बंद होतो. त्याआधीच कणीस खुडले तर गर विरळ राहतो आणि साल सुरकुतते. असा दाणा कोणत्याही आचेवर फुटत नाही. मी माझ्या गणंगांमधून हे सारे आधी वेचून बाजूला काढते, कारण ते वाणाचा दोष सांगत नाहीत, हाताळणीचा सांगतात, आणि दोन्ही एकत्र मोजले तर वाणावर विनाकारण ठपका येतो.

वाणांची पारख मोठ्या प्रमाणावर झाली ती इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या कामात भारतीय संग्रहातले ज्वारीचे ३,६८२ नमुने फोडून पाहिले गेले, आणि त्यांतले चांगल्या लाह्यांचे म्हणून ३६ निघाले. म्हणजे शंभरातला एक. या निवडक ज्वाऱ्यांत जे समान गुण आढळले ते म्हणजे लहान दाणा, मध्यम जाडीची साल, कठीण गर, आणि गराच्या मानाने अगदी लहान अंकुर. मी घरी भिंग आणि पाते घेऊन जे तुकड्यातुकड्याने गोळा करत होते, ते तिथे एका ओळीत मांडलेले होते. मला त्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्या ओळीतला ‘आणि’. कठीण गराच्या ज्वाऱ्या पुष्कळ आहेत, बारीक दाण्याच्याही पुष्कळ आहेत, मध्यम सालीच्याही असतील; चारही गुण एकाच दाण्यात एकत्र येणे दुर्मीळ, म्हणून शंभरात एक.

आणि तरीही वाण पारखणारे बरेच जण अजून एखादाच अंक शोधतात. हजार दाण्यांचे वजन घ्यावे, किंवा घनता काढावी, आणि त्यावरून लाह्यांचा अंदाज बांधावा. घनतेत तथ्य आहे, कारण काचेरी दाणा भरीव आणि जड असतो. प्रयोगशाळेत सोडियम नायट्रेटचे, पाण्याच्या सुमारे १.३ पट जड असे द्रावण करून त्यात दाणे टाकतात. तरंगणारे मऊ, बुडणारे टणक. घरी मी मिठाचे पाणी वापरून पाहिले, पण पुरते खारट केले तरी ते पाण्याच्या सुमारे १.२ पटच जड होते, आणि त्यावर फक्त पोचट व किडके दाणे तरंगले. मऊ आणि टणक दोन्ही बुडाले. म्हणजे तेवढ्यासाठी ही रीत चांगली आहे, त्यापुढे नाही. द्रावण योग्य असले तरी घनता सालीबद्दल काही सांगत नाही. भरीव, जड आणि तरी जाड, सैल सालीचा दाणा त्या परीक्षेत उत्तीर्ण होतो आणि वाळूत गणंग होतो. फुटलेल्या दाण्यांचे प्रमाण आणि लाह्यांनी व्यापलेले आकारमान याही दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्याकडच्या एका वाणाचे जवळजवळ सगळे दाणे फुटतात, पण लाही लहानशी, आखडलेली राहते, तर दुसऱ्याचे निम्मेच फुटतात आणि प्रत्येक लाही टपोरी असते. पहिल्याची साल चांगली आहे, दुसऱ्याचा गर. माझ्या मते या दोन मोजण्या कायम वेगळ्या लिहिल्या पाहिजेत, कारण एकत्र केल्या की दोष कुठे आहे ते हरवते.

गेल्या हंगामातले गणंग मी टाकून दिले नाहीत. किडके आणि करपलेले आधी काढले, उरलेले उजेडासमोर एक एक करून धरले, आणि तडे गेलेले एका वाटीत व अखंड दिसणारे दुसऱ्या वाटीत ठेवले. दोन्ही वाट्यांना सारखे पाणी शिंपडून, झाकून, रात्रभर मुरू दिले. दुसऱ्या दिवशी वाळू तापवून आधी तडकलेले टाकले. ते वाळूत फिरत राहिले, तांबूस झाले, आणि त्यांतले अगदी मोजके तडतडले. मग अखंड दाणे टाकले. क्षणभर काहीच झाले नाही. नंतर वाळूतून एक लाही उडून झाकणाला लागली, तिच्यामागून दुसरी, आणि मग आवाज मोजता येईनासा झाला. सगळे फुटले नाहीत, पण बरेच फुटले. चाळून झाल्यावर खाली जे उरले, ते मी पुन्हा पांढऱ्या कागदावर ओतले आणि भिंग जवळ ओढले.